डाव्या खांद्यामागून

"मागं घे," तात्या म्हणाले.

मी मागं घेतलं. बॉल जाळीतून बाहेर आला, इंद्रजित पाटणकर उलट्या पावलांनी पळत आपल्या जागी परतला आणि त्याच्या पुढं दोन हातांवर बाजी पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला.

"आता सोड. सावकाश सोड."

बॉल आमच्या उजव्या अंगानं आला. बाजी बॉलकडं बघत होता. त्याच्या पाठीमागून इंद्रजित निघाला. कुणी अडवणार नाही याची खात्री असल्यासारखा निवांत निघाला. बाजीनं मान वळवली नाही, पाऊल उचललं नाही. बॉल त्याच्या डोक्यावरून पलीकडं गेला आणि इंद्रजितनं तो डोक्यानं आत ढकलला.

"बघितलंस?" तात्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली. "मान तरी वळवली का त्यानं? तीन गोल, आणि तिन्ही टायमाला ह्यो खांबागत उभा!"

आम्ही माझ्या दुकानात बसलो होतो. मी लग्नांचं शूटिंग करतो. त्या दिवशीही शेजारच्या पडद्यावर कुणाच्या तरी मुलीची हळद अर्धवट कापून ठेवलेली होती आणि तिची आई सकाळपासून कॅसेटसाठी फोन करत होती. पण आदल्या दिवशी आमची दगडी तालीम फायनल हरली होती आणि पेठेत त्या दिवशी कुणाच्याच मुलीच्या हळदीचं कौतुक नव्हतं.

कोल्हापुरात तालीम म्हटलं की बाहेरच्या माणसाला कुस्तीचा हौदा दिसतो. पण त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलचा संघही उतरतो आणि सबंध पेठेची अब्रू त्या अकरा जणांच्या पायांत असते, हे इथं जन्मल्याशिवाय कळत नाही. तात्या आमच्या तालमीचे अध्यक्ष, संघाचे कोच आणि पेठेतल्या कुठल्याही भांडणातला शेवटचा शब्द. बाजीराव मोरबाळे आमचा कॅप्टन. खेळायचा स्टॉपरला, म्हणजे गोलकीपरच्या पुढं शेवटची भिंत. आणि या भिंतीची बायको होती रणवाघ तालमीच्या पेठेतली. ज्यांच्याकडून आम्ही हरलो त्याच रणवाघची. तिन्ही गोल करणारा इंद्रजित हा तिचा सख्खा धाकटा भाऊ.

"सासरवाडीला आहेर केलाय त्यानं," तात्या म्हणाले. "तीन गोलांचा आहेर. रविवारी तालमीत बैठक हाय. ह्ये तिन्ही तेवढं कापून आण. सगळ्या पेठंला बघू दे."

"तात्या, नुसत्या तीन गोलांवरनं..."

"मग कशावरनं? त्याच्या कुंडलीवरनं?" ते उठले. "तू त्याचा दोस्त हाईस, म्हाईत हाय मला. दोस्ती हितं दुकानात ठेव आणि पिक्चर घिऊन ये."

ते गेले. मी हळद बंद केली आणि मॅच पहिल्यापासून लावली.

मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, आणि त्याचं कारण दोस्ती नव्हती. गुडघा जायच्या आधी मी याच संघाचा गोलकीपर होतो. बाजीच्या मागं उभं राहून माझी जवानी गेली. बाकीच्यांनी बाजीचं तोंड बघितलंय, मी त्याची पाठ बघितलीय. ती पाठ कधी घाबरते, कधी चिडते, कधी दमून खोटं नाटक करते, हे मला कुणी सांगायला नको. त्या तीन गोलांत ती पाठ यातलं काहीच करत नव्हती. मॅच सोडणाऱ्या माणसाच्या पाठीला निदान लाज तरी असते.

गोल बघून गोल कळत नाही, ही माझी जुनी खोड. गॅलरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कॅमेरा लावून मी प्रत्येक मॅच घ्यायचो, आणि घरी आल्यावर गोल सोडून चान्स शोधायचो. बारला लागलेले, कीपरच्या हातात गेलेले, हुकलेले. पब्लिक जे विसरतं ते सगळं. आणि प्रत्येक चान्सच्या मागं मागं जायचं: हा पास कुणी दिला, त्याच्या आधी बॉल कुठं होता, त्या वेळी दुसऱ्या टोकाला कोण कुठं उभं होतं. तात्या या सगळ्याला संपतचं खूळ म्हणायचे, आणि मोठी मॅच आली की गुपचूप दुकानात येऊन तेच बघून जायचे.

रणवाघचे सगळे चान्स मी वेगळे काढले. सगळे एकाच साच्यातले निघाले. बॉल आमच्या उजव्या अंगाला न्यायचा. तिथं उगाच घोळवायचा. बाजीचं तोंड तिकडं वळलं की इंद्रजितनं त्याच्या डाव्या खांद्यामागून निघायचं आणि बॉल वरून पलीकडं टाकायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. रणवाघचा सात नंबर. हंगामभर त्यांनी सगळ्यांना झोडपलं ते या सात नंबरच्या जिवावर. तो दुसऱ्या अंगाला खेळायचा आणि हरणासारखा पळायचा. फायनलमध्ये तो कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याला बॉलच देत नव्हते. तो हात वर करून मागत होता, आणि त्यांचे लोक त्याच्याकडं बघूनही बॉल उलट्या बाजूला नेत होते. चुकून एकदोनदा त्याच्या बाजूनं बॉल आला, तेव्हा बाजी सबंध अंगानं तिकडं वळला आणि धाडकन उडवून मोकळा झाला. गोललाईनवरून त्यानं दोन बॉल काढले होते, तेही डोकं फुटायची पर्वा न करता. विकला गेलेला माणूस असल्या ठिकाणी डोकं घालतो होय?

म्हणजे बाजीनं काही सोडलं नव्हतं. एवढ्या मोठ्या संघानं आपली हंगामभराची सवय एका माणसासाठी मोडली होती. त्यांना बाजीबद्दल काहीतरी ठाऊक होतं, जे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाजीच्या घरी गेलो. तो एका शाळेची मिनीबस चालवायचा. गावाबाहेरची शाळा, त्यामुळं बस रात्री त्याच्याच बोळात उभी असायची. बाजी फडकं घेऊन पुढची काच पुसत होता. मी त्याच्या डाव्या अंगानं गेलो आणि हाताच्या अंतरावर थांबलो. तो पुसत राहिला. मी हात वर केला, त्याच्या तोंडाजवळ नेला. तो पुसत राहिला.

"बाजी."

तो केवढ्यानं दचकला! फडकं खाली पडलं.

"आयला, संपत! कधी आलास?"

"मघाच आलोय."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. तो अजून वरच होता. बाजी खाली वाकला. फडकं उचलून म्हणाला, "चल आत."

शैलजावहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांची दोन्ही पोरं शेजारी टीव्ही बघायला गेली होती. मी आडपडदा ठेवला नाही.

"डावा डोळा कधी गेला?"

बाजी भिंतीला टेकून बसला. "दिवाळीच्या आधी. प्रॅक्टिसला बॉल बसला न्हवता का? आठवतंय तुला, तूच बरफ लावलातास. तवाच आतला पडदा सुटला म्हणं. मी आपलं आज कमी हुईल, उद्या कमी हुईल करत बसलो. मिरजेला दावलं तवर उशीर झालता."

"अजिबात दिसत नाही?"

"उजेड कळतोय. माणूस कळत न्हाय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगून काय, तू लगीन लावणार हुतास त्याचं? शूटिंग करायला?" तो हसला. मला हसू आलं नाही.

मग मी त्याला कॅमेऱ्यात काय दिसलं ते सांगितलं. बाजी शाळेत कधी पुढच्या बाकावर बसला नसेल, पण मैदानावरचं त्याला अर्ध्या शब्दात कळायचं. सात नंबरचं सांगितल्यावर तो ताठ बसला.

"मला वाटलं त्याचा पाय दुखालाय," तो हळूच म्हणाला. "म्हणून बॉल देईनात. म्हणजे... ठरवून?"

"ठरवून. त्यांना माहीत होतं बाजी. डोळा कुठला, हेसुद्धा."

"कसं माहीत असंल? मी कुणाला म्हणजे कुणाला..."

भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. वहिनी परातीवर दोन्ही हात तसेच ठेवून बसल्या होत्या.

"मी इंदरला सांगितलंतं," त्या म्हणाल्या.

बाजीनं त्यांच्याकडं वळून बघितलं.

"मिरजेनंतर तुमी परत डॉक्टरकडं जाईना. माझं ऐकंना. मी रडून सांगितलं त्याला, दाजींना मुंबईला घिऊन जा, कुणीतरी मोठा डॉक्टर बघ. डावा डोळा गेलाय, उजवा तरी वाचव म्हटलं. त्यो म्हणाला, हंगाम संपला की नेतो ताई. कुणाला बोलू नको म्हणाला." त्या माझ्याकडं वळल्या. "भावजी, त्यो आसं न्हाय करणार. माझ्या हातचं खाऊन वाढलाय त्यो. आई गेली तवा एवढासा हुता."

चित्र माझ्याकडं होतं. ते खोटं असतं तर मला त्यांच्याइतकाच आनंद झाला असता.

बायकोवर बाजी ओरडला नाही, ही गोष्ट मी आजही त्याच्या बाजूला मांडतो. तो एवढंच म्हणाला, "चांगला खेळला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "हुशारीनं खेळला."

वहिनींनी तोंडात पदर कोंबला.

"रविवारी तात्या तुला उभं करणार आहेत," मी म्हणालो. "सासरवाडीसाठी मॅच सोडली म्हणतात. मी सगळे चान्स दाखवतो. एका मिनिटात तुझं नाव साफ होतंय."

"डोळ्याचं नाव काढायचं न्हाय."

"मग काय सांगू? रणवाघनं असं का केलं विचारलं तर?"

"कायबी सांग. डोळ्याचं न्हाय." त्यानं दाराकडं मान केली. दारातून बसचं पिवळं नाक दिसत होतं. "कळलं तर उद्या किल्ली काढून घेतील. धावी नापास माणूस मी. खेळतोय म्हणून हे काम लावलंय त्या लोकांनी. गाडी सोडून मला काय येतंय?"

इथवर मी फक्त त्याच्या अब्रूचा विचार करत होतो. बस माझ्या डोक्यातच आली नव्हती. आता आली.

"बाजी," मी म्हणालो, "त्या गाडीत पोरं असतात."

"म्हाईत हाय मला काय असतंय त्यात."

"डावीकडनं कोण आलं तर?"

"आरसा हाय. सवय झालीया. आजवर एकालाबी खरचटलं न्हाय."

"फायनलच्या आधी तुझ्यावर गोल पण होत नव्हते."

ते बोलणं त्याला लागलं. मला लागावं असंच वाटत होतं. तो उठून दारात गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मी आधीच सांगितलं, ती पाठ मला वाचता यायची. ती घाबरलेली होती.

"तू स्वतः शाळेत सांग," मी म्हणालो. "दुसरं काहीतरी काम देतील. शिपायाचं, बागेचं. रविवारपर्यंत सांग."

"आणि न्हाय सांगितलं तर?"

मी त्याच्या शेजारून बाहेर पडलो आणि चपला घातल्या.

रविवारी तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी माणसं भिंतीकडेच्या बाकांवर, तरणी पोरं दाटीवाटीनं उभी. हौद्यातली लाल माती आदल्या दिवशीच तेल-ताक घालून मळलेली होती, तिचा वास सगळीकडं भरला होता. बाजी पहिल्या रांगेत खाली मांडी घालून बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी सोडली होती. एवढ्या गर्दीत कुणी त्याला चिकटून बसायला तयार नव्हतं.

मी मोठ्या टीव्हीला वायर जोडली. तात्यांच्या सांगण्यावरून आधी तीन गोल लावले. पहिल्या गोलाला शिव्या सुरू झाल्या. तिसऱ्याला कुणीतरी चप्पल भिरकावली, ती टीव्हीवर येऊन आपटली.

"तालमीत चप्पल?" तात्या गरजले. सगळे गप्प झाले.

"आता बाकीचं बघा," मी म्हणालो, आणि चान्स लावले. बारला लागलेला, हुकलेला, बाजीनं लाईनवरून काढलेला. तो मी दोनदा दाखवला. मग सात नंबर. कमरेवर हात ठेवलेला, बॉल मागणारा, चिडून जमिनीवर पाय आपटणारा. फुटबॉल कळणारी माणसं होती ती. हळूहळू कुजबुज थांबली. एक म्हातारा बाकावरून पुढं वाकला.

"सात नंबरला उपाशी ठेवलाय की रं त्यांनी," तो म्हणाला.

"तेच सांगतोय," मी म्हणालो. "मॅच सोडलेली असती तर त्यांना एवढी धडपड करायची गरज नव्हती. कुठूनही आले असते. हे एकाच वाटेनं येत होते, कारण त्यांना बाजीबद्दल एक गोष्ट माहीत होती."

"कुठली गोष्ट?" तात्यांनी विचारलं.

सगळी तालीम माझ्याकडं बघत होती. मी बाजीकडं बघितलं. त्याच्या नावावरची धूळ एका शब्दात झटकली जाणार होती आणि तो शब्द माझ्या जिभेवर होता. बाजीनं माझ्याकडं बघून मान हलवली. नको म्हणून.

"बोल की संपत," तात्या म्हणाले. "का जीभ चिकटली? कुठली गोष्ट?"

"तात्या, त्याचा..."

बाजी उठला. माझ्याकडं न बघता तो थेट हौद्यापाशी गेला, वाकला आणि मूठभर माती घेतली.

आमच्या तालमीत ही शेवटची पायरी. माती कपाळाला लावून माणूस जे बोलतो त्यावर पुन्हा प्रश्न विचारायचा नाही, ही रीत. भावाभावांची वाटणी त्या मातीवर मिटलेली मी बघितलीय. देवळात खोटं बोलणारी माणसं पेठेत पुष्कळ होती, पण हौद्याच्या मातीवर खोटं बोललेला माणूस कुणाच्या ऐकिवात नव्हता.

बाजीनं माती कपाळाला लावली. थोडी भुवयांवर सांडली.

"मॅच मी सोडली," तो म्हणाला. "मेव्हण्यासाठी सोडली. संपत दोस्त हाय, म्हणून मला वाचवालाय. त्याचं काय ऐकू नका."

मी ओरडलो, "खोटं बोलतोय हा! तात्या, खोटं बोलतोय!" माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं आणि दटावून म्हणाला, "कपाळाला माती हाय त्याच्या. तोंड सांभाळ."

तात्या खुर्चीतून उठले. बाजीला त्यांनी बोटाला धरून या तालमीत आणलं होतं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते रडत होते.

"हितनं जा," ते म्हणाले. "परत ही पायरी चढायची न्हाय. आमच्या मयतीलाबी यायचं न्हाय."

गर्दीनं वाट केली. बाजी मधून चालत गेला तेव्हा डावीकडून कुणीतरी त्याच्यावर थुंकलं. त्याला ते दिसलंही नसावं.

मी धावत बाहेर गेलो. तो कोपऱ्यावर सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसत होता.

"हे काय केलंस तू?"

"मिटवलं," तो म्हणाला. "आता कोण विचारणार न्हाय, रणवाघला काय म्हाईत हुतं म्हणून. नाव दिलं माझं. बास झालं की. गाडी तेवढी ऱ्हाऊ दे संपत."

तो विनवत होता. चार फॉरवर्ड अंगावर आले तरी ज्यानं कधी पाऊल मागं घेतलं नाही, तो बाजी माझ्यापुढं हात जोडून उभा होता.

माझं पोर त्या बसमध्ये नव्हतं. असतं तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं. बापाच्या काळजीनं केलं असं लोकही म्हणाले असते आणि मीही म्हणालो असतो. मी तसाच मुख्याध्यापिका शिंत्रेबाईंच्या घरी गेलो आणि सांगितलं.

सोमवारी पोरं घ्यायला जायच्या आधीच बाईंनी बाजीला रिकामी गाडी घेऊन शाळेत बोलावलं. मीही थांबलो. ज्याच्या पाठीमागं बोललो त्याच्या तोंडासमोर उभं राहणं मला भाग होतं.

"मोरबाळे," बाई म्हणाल्या, "हे संपत इंगवले म्हणतात ते खरं आहे का?"

आदल्या दिवशी सबंध पेठेपुढं बेधडक खोटं बोललेला माणूस तो. मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं. दोनचार पोरं कुणाच्या तरी स्कूटरवरून लवकर येऊन पोचली होती आणि त्याची बस दिसली म्हणून तिच्याभोवती पळापळी खेळत होती. एक पोरगी चाकाला हात लावून "राज्य" म्हणून ओरडत होती.

"खरं हाय बाई," बाजी म्हणाला.

"आणि इतके महिने तुम्ही..."

"एकाबी पोराला खरचटलं न्हाय."

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून नाही."

त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. तिच्या कडीत दगडी तालमीचा बिल्ला होता. तो तेवढा काढून घेतला, क्षणभर हातात धरला आणि परत किल्लीपाशीच ठेवून दिला. दुसरं काम देता येईल का, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पालकांना काय सांगू? ज्यानं लपवलं त्यालाच ठेवून घेतलं?" बाजी माझ्या शेजारून निघून गेला.

मी चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आज केस पिकल्यावरही वाटत नाही. वाईट वाटतं, ते वेगळं. पण त्या सकाळी माझ्या मनात एक आशाही होती. नोकरी तर गेली, आता लपवायचं काही उरलं नाही. निदान नाव तरी परत मिळेल. मी शाळेतून थेट तात्यांकडं गेलो.

तात्या अंगणात बसले होते, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मी सगळं सांगितलं. डोळा, मिरज, इंद्रजित, बस, शिंत्रेबाई. मी थांबल्यावर तात्या म्हणाले, "म्हणजे त्यानं मॅच सोडली न्हवती."

"नाही तात्या. शपथेवर सांगतो, नव्हती सोडली."

"मग काल माती लावून काय म्हणाला त्यो?"

तात्यांनी तळहातानं डोळे पुसले.

"मॅच सोडली आसती," तात्या म्हणाले, "तर आज ना उद्या मी त्याला आत घेतलं आसतं. माझं पोर हाय त्ये. चुकलं, पाय घसरला म्हटलं आसतं. पेठबी इसरली आसती, दरसाल फायनल येती. पण मातीवर खोटं?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर टाकले. "माझ्या आज्यानं वाहिलीया ती माती. आता तू म्हणालास म्हणून त्याला खरा मानू, का मातीला? आणि त्याला खरा मानला, तर मातीवर खोटं बोलणाऱ्याला कुठं बसवू? मला सांग. कुठं बसवू त्याला?"

"तात्या, पोटासाठी बोलला तो."

"जा तू आता," ते म्हणाले. "आणि ह्ये दुसऱ्या कुणाला सांगू नको. त्यांना त्यो नुसता फितूर वाटतोय, तेवढंच ऱ्हाऊ दे. ह्ये कळलं तर घर पेटवतील त्याचं."

संध्याकाळी मी बाजीकडं गेलो. बोळात बस नव्हती. ती सकाळपासून शाळेतच राहिली होती. बाजी उंबऱ्यावर बसला होता. आतून वहिनींनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं. दुपारी इंद्रजित येऊन बराच वेळ दार वाजवत उभा होता, त्यांनी कडी काढली नाही, असं शेजारच्या बाई मला बोळातच सांगून गेल्या होत्या. त्या घरानं माहेर संपवलं, तालीम संपवली, आणि आता मलाही संपवायच्या बेतात होतं.

तात्या काय म्हणाले ते मी सांगितलं. मला वाटलं होतं, बाजी कोसळेल. तो नुसता ऐकत होता.

"नुसतं तोंडानं म्हणाला असतास, सोडली म्हणून, तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं. मला राग आवरत नव्हता. "आज मी ते खोडून काढलं असतं. तात्यांनी ऐकलं असतं. माती कशाला लावलीस लेका?"

"म्हणूनच लावली," बाजी म्हणाला. "तू खोडून काढलं आसतंस. तिथल्या तिथं, सगळ्यांच्या देखत. तुझ्याकडं पिक्चर हुतं. एकेक चान्स दावला आसतास आणि डोळ्यापतोर आला आसतास. तुझ्या त्या पिक्चरच्या वर ठेवायला माझ्याकडं दुसरं काय हुतं? तेवढी माती हुती."

आत वहिनी पोरांना जेवायला हाक मारत होत्या. मी थोडा वेळ बसलो आणि मग उठून घरी आलो.